एकादशीला गोळ्यांना सुट्टी

पत्र:

डॉक्टर, नमस्कार. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ७६ वर्षांचे आहेत. प्राथमिक शाळेत मास्तर होते. वजन ५४ किलो. मधुमेह अठरा वर्षांपासून, बीपी दहा वर्षांपासून. साखरेची गोळी सकाळ-संध्याकाळ, तिच्यात १००० मिलीग्रॅम मेटफॉर्मिन आणि २ मिलीग्रॅम ग्लिमेपिराइड आहे. बीपीला टेल्मिसार्टन-एच आणि ॲम्लोडिपिन, रात्री कोलेस्टेरॉलची ॲटोर्व्हास्टॅटिन १०. दोन महिन्यांपासून गुडघे धरलेत म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून रोज दोनदा घेतात. सकाळी अनशापोटी गुळवेलीचा काढा, 'आतलं साफ व्हायला'.

अण्णांचं म्हणणं असं की इतक्या वर्षांची औषधं अंगात साचतात. म्हणून एकादशीला उपासाबरोबर ते सगळ्या गोळ्यांनाही सुट्टी देतात. गेल्या एकादशीलाही दिली. द्वादशीला पहाटे सहाला, राहिलेली भरून काढायची म्हणून, साखरेच्या दोन गोळ्या एकदम घेतल्या. पूजेत पारण्याला उशीर झाला. नऊच्या सुमारास घामाने भिजले, काहीबाही बोलायला लागले. साखर ४६ निघाली. दवाखान्यात ग्लुकोज चढवल्यावर भानावर आले, पण रात्री आठला साखर पुन्हा ५८! सकाळच्या गोळीचा जोर रात्रीपर्यंत कसा राहिला? क्रिएटिनिन १.६ आलंय, 'या वयात एवढं असायचंच' असं कुणीतरी म्हणालं.

आता अण्णा म्हणतात, 'बघ, साचलेलं उसळून आलं.' आणि तेच अण्णा हेही म्हणतात की गोळी अख्खी संडासातून पडलेली त्यांनी पाहिली आहे, म्हणजे ती अंगी लागतच नाही. शेजारचे काका याच गोळ्या घेतात, त्यांना काही होत नाही. औषध शरीरातून जातं कुठून आणि किती दिवसांत, हे एकदा नीट सांगाल का? आणि बारीकशी गोष्ट, माझी धाकटी बहीण रत्नागिरीला दिली आहे, गणपतीत तिच्याकडून पपनसं येतात. अण्णांना चालतील का?

– एक लेक, जि. सातारा

प्रिय ताई,

समजावून सांगण्याआधी दोन गोष्टी, कारण त्या थांबण्यासारख्या नाहीत. डायक्लोफिनॅक आजपासून बंद करा. आणि साखरेच्या गोळीबद्दल अण्णांच्या डॉक्टरांशी उद्याच्या उद्या बोला, क्रिएटिनिनचा कागद हातात घेऊन. दवाखान्यातून सोडताना दिलेल्या सूचना तोवर पाळा, पण अण्णा जेवले नसतील तर साखरेची गोळी देऊ नका आणि चुकलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून घेणं कायमचं बंद. आता निवांत बोलू.

अण्णांची शंका मी हसण्यावारी नेणार नाही. औषध अंगात साचू शकतं, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. चुकतो तो त्यांचा हिशेब. औषध वर्षांच्या हिशेबाने साचत नाही.

न्हाणीघरात नळ चालू आहे आणि मोरीही उघडी आहे, असं डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीला पाणी थोडं चढतं. जसं चढतं तसा मोरीतून जाण्याचा वेगही वाढतो आणि एका रेषेवर येणारं पाणी नि जाणारं पाणी सारखं होतं. मग नळ अठरा वर्षं चालू राहिला तरी पाणी त्या रेषेच्या वर जात नाही. बहुतेक औषधांचं असंच असतं. रोजची गोळी सुरू केल्यावर काही दिवसांत रक्तातली पातळी ठरते आणि तिथेच राहते. अठराव्या वर्षी अण्णांच्या अंगात पहिल्या महिन्याइतकंच मेटफॉर्मिन असायला हवं. ते जास्त असेल तर दोष नळ किती वर्षं चालला याचा नाही. मोरी तुंबत चालली आहे, असा त्याचा अर्थ. अण्णांच्या बाबतीत मला हीच भीती वाटते.

मोरीचा वेग मोजायला आम्ही एक माप वापरतो, अर्धायुष्य. रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ. निम्म्याचं निम्मं, त्याचंही निम्मं, असं करत चार-पाच अर्धायुष्यांत साधारण ९५ टक्के औषध निघून जातं. हा वेळ प्रत्येक औषधाचा वेगळा, आणि फरक प्रचंड. डायक्लोफिनॅकचं अर्धायुष्य एक ते दोन तास. धडधाकट किडनीच्या माणसात मेटफॉर्मिनचं सहा तासांच्या आसपास, टेल्मिसार्टनचं चोवीस तासांच्या आसपास. ॲम्लोडिपिनचं ३० ते ५० तास. थायरॉइडची गोळी निम्मी व्हायला आठवडा घेते, आणि हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणारं ॲमिओडॅरोन तर कित्येक आठवडे चरबीत मुक्काम ठोकून असतं.

आता अण्णांची एकादशी या मापाने बघू. जी औषधं झटपट जातात ती रोज रात्रीतूनच बरीचशी गेलेली असतात, त्यांना सुट्टीची गरज नाही. आणि ॲम्लोडिपिनसारखं जे सावकाश जातं ते एका दिवसाच्या सुट्टीत निम्मंही जात नाही. म्हणजे एकादशीने साफ काहीच होत नाही, फक्त साखर आणि रक्तदाब दोन दिवस हेलकावे खातात. त्यात द्वादशीला दोन गोळ्या. आदल्या दिवशीच्या उपासाने यकृतातली साखरेची शिल्लक संपलेली, पोट रिकामं, आणि वरून स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावणारी दुप्पट मात्रा. अण्णा तुम्हाला वेळेवर परत मिळाले, याचा मला तुमच्याइतकाच आनंद आहे.

पण रात्री आठला साखर पुन्हा का घसरली? तुमच्या पत्रातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर द्यायला गोळीच्या मागोमाग थोडं चालावं लागेल.

गिळलेली गोळी पोटात विरघळते आणि औषध मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात शिरतं. आतड्यातून निघालेलं हे रक्त थेट हृदयाकडे जात नाही. आधी ते सगळंच्या सगळं यकृतात नेलं जातं, जकात नाक्यावर गाडी थांबवावी तसं. खाल्लेल्या प्रत्येक वस्तूची आधी इथे तपासणी होते. काही औषधांचा तर पहिल्याच फेरीत बहुतांश भाग इथे संपतो. छातीत कळ आल्यावर सॉर्बिट्रेटची गोळी गिळायची नाही, जिभेखाली ठेवायची, असं सांगतात ते यासाठीच. जिभेखालचं रक्त यकृताला वळसा घालून पुढे जातं.

यकृत औषधाचं नेमकं करतं काय? बहुतेक औषधं थोडी तेलकट असतात, म्हणूनच तर ती पेशींच्या आवरणातून आत शिरतात. पण तेलकट वस्तू लघवीतून बाहेर टाकणं कठीण. किडनीने ती गाळून नळीत सोडली तरी ती नळीच्या भिंतीतून पुन्हा रक्तात परतते. तेलाचं भांडं नुसत्या पाण्याने निघत नाही ना, तसंच. मग यकृत आधी औषधाच्या रेणूला एखादी खाच पाडतं, त्याला पकडायला जागा तयार करतं, आणि मग त्या जागी पाण्यात सहज विरघळणारं काहीतरी जोडून देतं. बऱ्याचदा ते ग्लुकुरॉनिक आम्ल असतं, म्हणजे साखरेचंच भावंड. अशी जोडणी झाली की तेलकटपणा गेला, आणि तो रेणू लघवीतून किंवा पित्तातून वाटेला लागतो.

खाच पाडण्याचं काम करणाऱ्या विकरांच्या (एन्झाइमच्या) कुटुंबाचं नाव सायटोक्रोम पी-४५०. ओमुरा आणि सातो या जपानी संशोधकांनी १९६२ साली या रंगद्रव्याची ओळख पटवली. कार्बन मोनॉक्साइड जोडला गेला की ते ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला ठळकपणे शोषतं, म्हणून ४५०. मी वर्गात शिकवायचो तेव्हा मुलांना हा आकडा पाठ असायचा, पण यकृत हे औषध मारण्याचं ठिकाण आहे असाच त्यांचा समज असायचा. तसं ते नाही. यकृत औषध बदलतं. बदललेलं रूप बहुधा निकामी असतं, पण नेहमीच नाही. स्टेंट घातल्यावर देतात ते क्लोपिडोग्रेल गिळताना निष्क्रिय असतं, यकृतानेच ते जागं करायचं असतं. रोजच्या ओळखीच्या पॅरासिटामॉलचा छोटा भाग यकृतात एका विषारी रूपात जातो. ग्लुटाथायोन नावाचं यकृतातलंच द्रव्य ते विष लगेच निवारतं. मात्रा फार झाली की ग्लुटाथायोन संपतं आणि विष यकृतालाच जाळतं. धडधाकट माणसालाही दिवसाला चार ग्रॅमच्या पुढे पॅरासिटामॉल नको, हा नियम त्यातून आला.

ग्लिमेपिराइडचं प्रकरणही याच जातीचं. यकृत त्याचं रूपांतर करतं, पण पहिल्या रूपांतरात साखर उतरवण्याचा थोडा जोर शिल्लक राहतो. आणि ते रूपांतर बाहेर पडायचं असतं मुख्यतः लघवीवाटे. किडनी मंदावली असेल तर तो उरलेला जोर अंगात रेंगाळतो. ग्लुकोज चढवलं की साखर वर येते, ग्लुकोज जळून जातं, पण औषध तिथेच असतं आणि साखर पुन्हा खाली ओढतं. सकाळच्या गोळीचा रात्री आठचा हिशेब हा असा. म्हणूनच या जातीच्या गोळीने साखर उतरली तर माणूस भानावर आला म्हणजे सुटलो असं मानायचं नाही. पुढचे चोवीस तास तरी दर काही तासांनी साखर बघायची, रात्रीसुद्धा. पुन्हा कधी असं झालं आणि अण्णा शुद्धीवर असतील, गिळू शकत असतील, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, सरळ दवाखाना.

आता किडनी. दिवसभरात आपल्या किडन्या साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत घेतात. काही औषधं यकृताला न जुमानता जशीच्या तशी इथून निघून जातात. याची एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगायचो. १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायाला पेनिसिलिन दिलं गेलं. चेहरा आणि अंग जंतुसंसर्गाने सडत चाललं होतं. औषधाने तो झपाट्याने सुधारू लागला. पण साऱ्या जगात तेव्हा पेनिसिलिन होतं जेमतेम चिमूटभर, आणि किडनी ते काही तासांत लघवीतून फेकून द्यायची. मग संशोधकांनी त्याची लघवी जमवली, सायकलवरून प्रयोगशाळेत नेली, तिच्यातून पेनिसिलिन परत काढलं आणि त्यालाच पुन्हा टोचलं. पाच दिवसांत तेही संपलं. मार्चमध्ये तो गेला. औषध सापडलं होतं, गुण आला होता, पण किडनीच्या वेगापुढे साठा पुरला नाही. ही गोष्ट सांगताना दर वर्षी माझा आवाज बदलायचा.

मेटफॉर्मिन या बाबतीत पेनिसिलिनचा सोबती. यकृत त्याला हात लावत नाही. जितकं शोषलं जातं तितकं जसंच्या तसं लघवीतून जातं. म्हणजे त्याला दार एकच. आणि अण्णांचं ते दार अरुंद झालंय.

क्रिएटिनिन हा किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, किडनी मंदावली की रक्तातला त्याचा आकडा वाढतो. १.६ हा आकडा वरवर थोडासाच वाढलेला वाटतो. पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून, आणि ७६ वर्षांच्या, ५४ किलोच्या माणसाच्या अंगावर स्नायू असतात किती? कच्चा माल कमी, म्हणून आकडा कमी दिसतो. किडनी मिनिटाला साधारण किती मिलीलिटर रक्त साफ करते, हे काढायला कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ साली दिलेलं एक साधं सूत्र आहे, अण्णा मास्तर होते तेव्हा ते स्वतःच मांडतील. १४० मधून वय वजा करायचं, उत्तराला वजनाने गुणायचं, आणि क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागायचं. बाईसाठी आलेलं उत्तर ०.८५ ने गुणायचं. अण्णांचं उत्तर येतं बरोबर ३०. तेच १.६ क्रिएटिनिन ७२ किलोच्या, तीस वर्षांच्या तरुणाचं असेल तर उत्तर ६९ येतं. कागदावर आकडा एकच, पण एका दाराची रुंदी दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी. तुमच्या रिपोर्टच्या तळाशी ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, छापला असेल तर तो चाळिशीतला दिसेल, कारण त्याचं सूत्र वेगळं आहे. घाबरू नका, गोंधळूही नका. दोन्ही आकडे एकच सांगतात, की रोज दोन हजार मिलीग्रॅम मेटफॉर्मिन या किडनीला जास्त होतंय. ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की डॉक्टर मात्रा साधारण निम्मी करतात आणि ३० च्या खाली मेटफॉर्मिन थांबवतात.

'या वयात असायचंच' हे वाक्य मला फार टोचलं. वय वाढलं की किडनीचा वेग उतरतो, हे खरं. चाळिशीनंतर तो दर वर्षी थोडा थोडा उतरतच असतो. पण त्यातून निघणारं काम 'सोडून द्या' हे नसून 'मात्रा पुन्हा बसवा' हे आहे. दहा वर्षांपूर्वी अण्णांना बेतून दिलेला सदरा आज त्यांच्या अंगावर ढगळ होत असेल. औषधाचंही तसंच आहे, आणि तरी चिठ्ठी तीच चालू राहते.

त्यात डायक्लोफिनॅक. किडनीत रक्त आणणाऱ्या बारीक नळ्या उघड्या ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं वापरतं. वेदनाशामक गोळी नेमकी तीच द्रव्यं बनू देत नाही. गुडघ्याची सूज उतरते ती त्यामुळेच, आणि किडनीचा रक्तपुरवठा आटतो तोही त्यामुळेच. अण्णांच्या टेल्मिसार्टनमुळे गाळणीतला दाब आधीच कमी झालेला असतो, जो एरवी हितकारक आहे. त्या गोळीच्या नावापुढचा 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवी वाढवून अंगातलं पाणी कमी करणारं औषध. आत येणारी नळी आवळली, दाब उतरला, पाणीही कमी झालं, असा तिन्ही बाजूंनी मार बसतो. उपासाच्या दिवशी पाणीही कमी प्यायलं जात असेल तर विचारूच नका. म्हणून सगळ्यात आधी मी डायक्लोफिनॅक बंद करायला सांगितलं. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलेलं क्रिएटिनिन खाली आलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. पण ते तपासायलाच हवं. गुडघ्यांसाठी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेता येईल. अण्णांच्या वजनाला मी दिवसाला दोन ग्रॅमच्या पुढे जाऊ देणार नाही. सर्दी-तापाच्या तयार गोळ्यांतही तेच असतं, त्याचाही हिशेब त्यात धरा. शेक आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम यांना कमी लेखू नका.

एक आडवळण घेतो. हेच डायक्लोफिनॅक गुरांना दिलं जायचं. गुरू मेलं की गिधाडं ते खायची, आणि त्या मांसातल्या अगदी थोड्या डायक्लोफिनॅकने त्यांच्या किडन्या बंद पडायच्या, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाची पांढरी पुटं चढायची. भारतातली नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं अशी संपली. कारण हेच आहे हे २००४ साली जाहीर झालं आणि २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध भारतात बंद झालं. मुंबईच्या डुंगरवाडीवर, जिथे पारशी मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात, त्या समाजाला याचे परिणाम अजून भोगावे लागताहेत. गाईचं शरीर जे पचवत होतं ते गिधाडाला जमलं नाही. औषधाचं चांगलं-वाईट हे औषधाइतकंच ते बाहेर टाकणाऱ्या शरीरावर अवलंबून असतं, हे मला यापेक्षा लख्ख कुठे दिसलेलं नाही.

शेजारच्या काकांचं उत्तरही यातच आहे. काकांच्या किडन्या, काकांचं वजन, काकांची जनुकं वेगळी. क्षयरोगावरचं आयसोनियाझिड काहींच्या यकृतात भराभर बदलतं, काहींच्यात सावकाश, आणि ते आईवडिलांकडून ठरून आलेलं असतं. आपल्याकडे मद्रासच्या क्षयरोग केंद्रात साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच हे रुग्णांमध्ये मोजलं गेलं होतं. एकाच वॉर्डात, एकाच मात्रेवर, शेजारच्या खाटांवरच्या दोघांच्या रक्तातला आकडा वेगळा. म्हणून काकांना सोसतं ते अण्णांना सोसेल असं नाही, आणि उलटही.

आता संडासात दिसलेली अख्खी गोळी. अण्णांची नजर तीक्ष्ण आहे, त्यांना दिसलं ते खरंच आहे. मेटफॉर्मिनच्या सावकाश सुटणाऱ्या गोळ्यांमध्ये औषध एका जाळीदार, न विरघळणाऱ्या साच्यात बसवलेलं असतं. आतड्यातून जाताना औषध हळूहळू पाझरून जातं आणि रिकामा साचा मऊ गोळीसारखा बाहेर पडतो. उसाचा रस काढल्यावर चिपाड उरतं, तसं. रस अंगी लागलेला असतो. या गोळ्या मात्र कुटून किंवा चावून कधीच द्यायच्या नाहीत, नाहीतर दिवसभराचा साठा एकदम सुटतो. हे घरात सगळ्यांना सांगा.

सगळ्याच औषधांची वाट किडनीतून जात नाही, हेही अण्णांना ऐकवा, नाहीतर उद्या ते सगळंच बंद करतील. टेल्मिसार्टन जवळपास पूर्ण पित्तातून आतड्यात उतरतं आणि शौचावाटे जातं. ॲटोर्व्हास्टॅटिनचा कारभारही यकृत आणि पित्ताचाच. ॲम्लोडिपिन यकृत सावकाश निकामी करतं. किडनी मंदावली म्हणून या तिन्हींची मात्रा आपोआप जास्त होत नाही. कमी करायचं ते निवडून, सरसकट नाही.

काढ्याबद्दल. अण्णांची श्रद्धा मी मोडणार नाही, पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. 'आतलं साफ करायला' म्हणून घेतलेली वनस्पतीही त्याच यकृतापुढे येते आणि त्याच दारातून जाते. ती झाडू घेऊन येत नाही, आणखी एक पाहुणा म्हणून येते. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांना यकृताचा दाह झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. तो वाद तुम्हा-आम्हाला सोडवायचा नाही. मात्र गुळवेलीने साखरही थोडी उतरू शकते, आणि सध्या अण्णांची साखर खाली जाण्याचाच धोका आहे. तेव्हा डॉक्टरांना काढ्याबद्दल सांगितल्याशिवाय तो पुढे चालू ठेवू नका. भरपूर पाणी प्यायल्याने औषध लवकर धुऊन निघतं, हेही बहुतेक औषधांच्या बाबतीत खरं नाही. अण्णांनी पाणी तहानेपुरतं, पण नियमित प्यावं, एकादशीलासुद्धा.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, काढा आणि वेदनाशामकासकट. अर्धे घोळ तिथेच सुटतात. अण्णांच्या साखरेच्या गोळीत दोन औषधं एकत्र बांधलेली आहेत, त्यामुळे एक कमी केलं की दुसरं आपोआप कमी होतं आणि एक वाढवलं की दुसरंही वाढतं. ती सुटी करता येतील का, हे विचारा. ग्लिमेपिराइडऐवजी साखर एकदम न उतरवणारं दुसरं काही बसेल का, तेही विचारा. अण्णांच्या वयात साखरेचा आकडा थोडा सैल ठेवलेला बरा. उलट्या-जुलाब झाले किंवा खाणं-पिणं बंद पडलं तर त्या दिवसांत मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन-एच थांबवायचं का, याचं उत्तर आजच लिहून घ्या, तेव्हा शोधाशोध नको. आणि एकादशी. अण्णांचा उपास सुटणार नाही, सुटावा असं मीही म्हणत नाही. वर्षाला चोवीस एकादश्या येतात, त्या लपवून करण्यापेक्षा डॉक्टरांना सांगून करू दे. उपासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती गाळायची, द्वादशीला पारण्यानंतर काय घ्यायचं, हे डॉक्टर ठरवून देतील. अण्णांनी ते आपल्या मास्तरी अक्षरात कागदावर लिहून देवघराशेजारी चिकटवावं.

राहिली पपनसं. हा प्रश्न बारीक नाही. १९८९ साली कॅनडातल्या संशोधकांना योगायोगाने कळलं की ग्रेपफ्रूटच्या रसाने रक्तदाबाच्या एका औषधाची रक्तातली पातळी फार वाढते. त्या रसातली द्रव्यं आतड्यातलं खाच पाडणारं विकर निकामी करतात आणि ते पुन्हा तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात. ग्रेपफ्रूट जन्मलं पपनस आणि गोड संत्र्याच्या संकरातून, आणि ती द्रव्यं पपनसातही असतात. संत्री-मोसंबीत ही अडचण नाही. अण्णांची ॲटोर्व्हास्टॅटिनची मात्रा लहान आहे आणि ॲम्लोडिपिनवर या रसाचा परिणाम थोडाच होतो, त्यामुळे सणाला दोन-चार फोडींनी बिघडेल असं मला वाटत नाही. गणपतीचे दहाही दिवस अर्धं-अर्धं पपनस मात्र नको. रत्नागिरीच्या बहिणीला पाठवू द्या. अण्णांच्या वाट्याला दोन फोडी, जेवणानंतर, आणि उरलेलं तुम्ही खा.

तुमचा,
डॉक्टर